दोन मोकळ्या जागा

सोमवारी रात्री अकरा ते सकाळी आठ मी एमिली असते.
बाकीच्या रात्री गादीच्या कंपनीची ग्रेस.
इलोइलोत, नदीकाठी, तिसऱ्या मजल्यावर,
खालच्या बाचोयच्या हंड्याची वाफ खिडकीशी येते तेव्हा
मी टोरांटोतल्या चहाचा आवाज असते.
मला चहा आवडत नाही.
कुणी विचारलेलंही नाही.

एमिली एकोणतीस वर्षांची, तिला मांजरं आवडतात,
असं एका फायलीत लिहून ठेवलंय.
तिनं 'माफ करा' कितीही वेळा म्हणावं,
'आमची चूक झाली' एकदाही नाही.
उत्तर तीन मिनिटांत.
रडणाऱ्याला दहा टक्के सूट, ओरडणाऱ्याला वीस.

दर दहा मिनिटांनी माझ्या पडद्याचा फोटो निघतो,
अधूनमधून माझाही.
परवा जांभई देताना निघाला.
आता माझी पडजीभ
कुठल्याशा फोल्डरात, तारखेनिशी.

थेल्मा झ्विकर पहाटे तीनला येते.
तिच्याकडे, लुनेनबर्गला, तेव्हा दुपारचे चार.
ती जाहिरातीखाली लिहिते, सगळं जग वाचेल अशा जागी,
शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तसं:
"ऑटोला जाऊन चौदा महिने झाले.
अजून किटलीत दोन पिशव्या टाकते.
हाताला कोण सांगणार."

मी फाईल चाळली.
'दुःख' असा कप्पा नव्हता. 'इतर' होता.
लिहिलं, थेल्मा, वाचून गलबललं,
आमचा लव्हेंडर चहा रात्री घेऊन पाहा.
एक फूल चिकटवलं.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.

पुढच्या महिन्यात त्या दोन पिशव्या
जाहिरात होऊन आल्या.
भाड्याची म्हातारी, भाड्याची खिडकी, खराखुरा उजेड,
आणि खाली: 'दुसरी पिशवी त्याच्यासाठी.'
चौऱ्याऐंशी हजार हृदयं.
आम्हा पाचही एमिलींना शाबासकीची ईमेल आली,
आणि एकेक मग.

थेल्मानं हृदय दाबलं नाही.
तिनं विचारलं, "ही माझी किटली ना?"

मी नियमातलं वाक्य पाठवलं.
कुठलं ते सांगत नाही, लाज वाटते.

मग तिचा खासगी निरोप आला, रागाचा असेल म्हणून
मी आधी पाणी प्यायले.

"तू सोमवारची आहेस.
बाकीच्या एमिली पूर्णविरामानंतर एकच जागा सोडतात.
तू दोन सोडतेस.
मी एकतीस वर्षं मुलींना टायपिंग शिकवलं, मला दिसतं.
तुला कुणी शिकवलं गं?"

आईनं, थेल्मा.
हारोच्या कचेरीत ती जन्माचे दाखले टंकायची,
मी टेबलाखाली बसून टकटक ऐकायचे.
म्हणायची, वाक्य संपलं की त्याला जरा बसू द्यावं,
लगेच दुसऱ्याला उठवू नये.
माझं नाव रोडालिन. तुमची किटली चोरली त्यात मीही आहे.

हे सगळं टंकलं.
कोपऱ्यातला हिरवा दिवा लुकलुकला, फोटोची वेळ झाली होती.
खोडलं.
घरभाडं आहे, आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू आहे.
लिहिलं: तुमचा निरोप आमच्यासाठी मोलाचा आहे.
आणि त्या पूर्णविरामापुढे
जागेची लांब कळ दाबत राहिले, दाबत राहिले,
ओळ संपेपर्यंत.

फोटोत काही आलं नाही.
साहेबांनी बरोबरची खूण केली.

गुरुवारचा एमिली म्हणजे अर्नेल, मिशा आहेत त्याला.
काल जिन्यात भेटला, हातात तो मग.
म्हणाला, तुझी ती म्हातारी चहाबद्दल काही बोलतच नाही हल्ली.
आली, एवढंच विचारलं आणि गेली:

सोमवार बरी आहे ना?